पिचिंगचे जुने विक्रम : कुठले कायमचे, कुठले धोक्यात

बेसबॉलमधले पिचिंगचे (बॅटरकडे चेंडू फेकण्याचे) जुने विक्रम आता मोडणार नाहीत, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा साय यंगचे ५११ विजय डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. त्या एका विक्रमापुरतं त्याचं बरोबर आहे. पण तोच निकाल सगळ्या विक्रमांना लावला की घोळ होतो. काही विक्रम शंभर वर्षांपूर्वीच कुलूपबंद झाले, काही आज कधी नव्हे इतके धोक्यात आहेत. कुठला कुठल्या रांगेत बसवायचा हे ओळखायला आधी एक साधा हिशेब करावा लागतो : त्या विक्रमासाठी पिचरला किती संधी लागतात, आणि आजच्या पिचरला त्या मिळतात किती? हे विचारायच्या आधी गुणवत्तेची चर्चा सुरू करण्यात काही अर्थ नाही.

१९०४ साली न्यूयॉर्क हायलँडर्सच्या जॅक चेस्ब्रोने ४१ सामने जिंकले. त्यासाठी त्याने ५१ सामन्यांची सुरुवात केली, त्यातले ४८ स्वतःच संपवले आणि एकूण ४५४ इनिंग आणि वर दोन आउट इतकी पिचिंग केली (पिचरची एक इनिंग म्हणजे तीन आउट, आणि सामना नऊ इनिंगचा). आज मोसमात १६२ सामने असतात आणि संघ पाच सुरुवातीचे पिचर आळीपाळीने वापरतात. म्हणजे एकाच्या वाट्याला ३२ किंवा ३३ सामने येतात. ते सगळेच्या सगळे जिंकले तरी आकडा ३३ वर थांबतो. चेस्ब्रोला मागे टाकायला कौशल्य कमी पडत नाही, सामने कमी पडतात.

साय यंगचंही तेच. १८९० ते १९११ या २२ मोसमांत त्याने ८१५ सामने सुरू केले आणि ७४९ पूर्ण केले. आजच्या पिचरने दरवर्षी ३३ याप्रमाणे वीस वर्षं एकही पाळी न चुकवता काढली, तरी त्याच्या नावावर ६६० सुरुवाती लागतील. यंगचे पूर्ण केलेले सामने आजच्या दीर्घ कारकिर्दीतल्या एकूण सुरुवातींपेक्षा जास्त आहेत. म्हणून माझ्या मते ५११ पेक्षा ७४९ हा आकडा अधिक अढळ आहे. विजयांवर निदान वाद घालता येतो, इथे तोही नाही. वॉल्टर जॉन्सनचे ११० शटआउटही याच रांगेतले. शटआउट म्हणजे एकट्याने पूर्ण सामना टाकून समोरच्या संघाला एकही धाव न देणं. आपल्या काळातला सर्वोत्तम मानला गेलेला क्लेटन कर्शॉ २०२५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १५ शटआउट होते, आणि पूर्ण केलेले सामने २५.

क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल. विल्फ्रेड ऱ्होड्सच्या प्रथम श्रेणीतल्या चार हजारांवर विकेट कोणी मोडणार नाही, कारण तितके सामनेच आता कोणी खेळत नाही.

मग तेव्हाच्या पिचरना हे जमायचं कसं? 'तेव्हाची माणसं लोखंडाची होती' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. तेव्हाचं काम वेगळं होतं. १९०८ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने ४६४ इनिंग टाकल्या आणि ४० सामने जिंकले. त्या अख्ख्या मोसमात त्याच्या संघाच्या सगळ्या फलंदाजांनी मिळून होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, थेट धाव देणारा फटका) मारले तीन. एकाच फटक्यात सामना फिरण्याची भीती नसली की पिचर सरसकट पूर्ण जोर लावत नाही. तळाच्या बॅटरला सैल चेंडू टाकून तो बेसवर माणसं जमण्याच्या वेळेसाठी ताकद राखून ठेवतो. चेंडूही मदतीला होता. एकच चेंडू डावामागून डाव वापरला जायचा, तो मळायचा, मऊ पडायचा, त्यावर थुंकी लावायला परवानगी होती. चेस्ब्रो आणि वॉल्श दोघेही स्पिटबॉलवर जगले. १९२० पासून स्पिटबॉलवर बंदी आली (आधीपासून टाकणाऱ्या काही जणांना तेवढी सूट मिळाली), त्याच वर्षी डोक्याला चेंडू लागून रे चॅपमनचा मृत्यू झाला आणि पांढरे स्वच्छ चेंडू वरचेवर बदलले जाऊ लागले. होमरन वाढले. आराम करायला बॅटिंग ऑर्डरमध्ये जागाच उरली नाही.

त्याहून जुन्या विक्रमांची गोष्ट आणखी वेगळी. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेजच्या 'ओल्ड हॉस' रॅडबॉर्नने ६७८ इनिंग टाकल्या. त्याचे विजय काही ठिकाणी ५९ तर काही ठिकाणी ६० दिसतात. कारण एका सामन्यात त्याच्याच संघाचा सायक्लोन मिलर आघाडी मिळवून बाहेर गेला, रॅडबॉर्नने सामना संपवला आणि तेव्हाच्या स्कोररने विजय रॅडबॉर्नला दिला. आजच्या नियमाने तो मिलरचा. १८८६ मध्ये मॅट किलरॉयने एका मोसमात ५१३ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा मारण्याजोग्या असून सोडलेल्या चेंडूंवर) बाद केले. तेव्हा माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, नव्हता. सपाट जमिनीवर आखलेली चौकट होती, तिची पुढची रेघ होम प्लेटपासून (बॅटरच्या जागेपासून) ५० फुटांवर, आणि चौकटीच्या आत पावलं टाकत धावून फेकायला मोकळीक. १८९३ मध्ये अंतर ६० फूट ६ इंच झालं. हे अंतर साडेदहा फुटांनी वाढलं असं सर्रास लिहिलं जातं, ते दिशाभूल करणारं आहे. १८८७ पासून पिचरचा मागचा पाय चौकटीच्या मागच्या रेघेवर, म्हणजे साडेपंचावन्न फुटांवर असायचा. म्हणजे खरी वाढ पाच फुटांची. तीही काही कमी नाही. म्हणून १८९३ च्या आधीचे आकडे मी वेगळ्या खेळाचे मानतो आणि 'मोडतील का' या यादीतच घेत नाही.

पूर्ण सामने कसे आटले ते एका जोडीत दिसतं. १९७२ मध्ये स्टीव्ह कार्लटनने एकट्याने ३० सामने पूर्ण केले. २०२४ मध्ये तीसही संघांच्या सगळ्या पिचरनी मिळून केले २८. १९७४ मध्ये माइक मार्शल १०६ सामन्यांत उतरला, एकाही सामन्याची सुरुवात न करता, आणि त्याने २०८ इनिंग टाकल्या. २०२४ मध्ये सगळ्यांत जास्त इनिंग लोगन गिल्बर्टच्या होत्या आणि तो होता सुरुवातीचा पिचर. त्याचाही आकडा २०८, फक्त एक आउट जास्त.

यामागे दोन कारणं आहेत आणि दोन्ही पक्की आहेत. पहिलं कोपराचं. पूर्ण ताकदीने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर त्याच्या सहनशक्तीच्या टोकाशी ताण येतो. तो तुटला की टेंडनचा तुकडा लावून नवा बनवायचा, ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. प्रत्येक चेंडू ताशी ९५ मैलांच्या आसपास टाकणाऱ्या हाताला ३०० इनिंग झेपत नाहीत. वेग कमी केला तर झेपतीलही, पण मग बॅटर धुऊन काढतील. दुसरं कारण आकड्यांचं. तोच बॅटर तोच पिचर तिसऱ्यांदा बघतो तेव्हा तो सरासरीने जास्त चांगला मारतो, कारण चेंडूची उंची, वळण, क्रम डोळ्यांत बसलेला असतो. बुलपेनमध्ये (बदली पिचर तयार होतात तिथे) ताजे, ताशी ९८ मैल टाकणारे चार जण बसलेले असताना मॅनेजर सहाव्या-सातव्या इनिंगनंतर दमलेल्या पिचरला का ठेवेल?

विजयांची किंमतही यातूनच घसरली. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळायला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, तो बाहेर जाताना संघ पुढे असावा लागतो, आणि नंतर बुलपेनने ती आघाडी टिकवावी लागते. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झालेल्या सोडून) १.७० होता आणि विजय-पराजय १०-९. २०२५ मध्ये पॉल स्कीन्सचा ईआरए १.९७ आणि विजय-पराजय १०-१०. दोघांनाही मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

नोलन रायनचे ५७१४ स्ट्राइकआउट हा या हिशेबातला सीमेवरचा विक्रम. इथे दर विक्रमाच्या विरुद्ध आहे आणि वेळ विक्रमाच्या बाजूने. दर नऊ इनिंगमागे आजचे पिचर रायनइतके, कधी त्याहून जास्त स्ट्राइकआउट काढतात. तरी दरवर्षी २५० स्ट्राइकआउट धरले तर २३ वर्षं लागतात. रायन २७ मोसम खेळला. २०२५ मध्ये खेळत असलेल्यांत सर्वांत पुढचे व्हर्लँडर आणि शेर्झर साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, दोघेही चाळिशी ओलांडलेले. रायनचा १९७३ चा एका मोसमातला ३८३ चा विक्रम तर मला त्याहून कठीण वाटतो. त्या वर्षी त्याने ३२६ इनिंग टाकल्या होत्या. आजच्या पिचरला १८० इनिंग मिळाल्या तर त्यात ५४० आउट होतात. त्यांतले ३८४, म्हणजे शंभरातले ७१, स्ट्राइकआउट हवेत. २०१९ मध्ये गेरिट कोलने ३२६ काढले तेव्हा त्याचं प्रमाण शंभरात ५१ होतं, आणि तो मोसम असामान्य होता. रायनचाच २७९५ वॉकचा विक्रमही कायमचा, कारण इतके फुकट बेस देणाऱ्याला आज इतकी वर्षं कोणी ठेवणार नाही.

आता उलट बाजू. बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ ईआरए सगळे अढळ म्हणतात. गिब्सनने ३०४ इनिंग आणि दोन आउट टाकले, त्याच्या खात्यावर ३८ धावा लागल्या, आणि १३ शटआउट केले. त्यानंतरच्या मोसमात माउंडची कमाल उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइक झोन (चेंडू मारण्याजोगा ठरतो ती चौकट) लहान केला गेला. या दोन बदलांमुळे विक्रम बंद झाला असं मानलं जातं. पण पात्रतेची अट बघा : संघाच्या प्रत्येक सामन्यामागे एक इनिंग, म्हणजे १६२. तेवढ्यात २० धावा दिल्या तर ईआरए १.११ येतो. तीस सामने, प्रत्येकी साडेपाच इनिंगच्या आत-बाहेर, एकूण धावा वीस. थकायच्या आधी बाहेर काढलं जाणं, जे विजयांच्या विक्रमाला मारतं, तेच इथे पिचरला वाचवतं. २०२१ मध्ये डीग्रॉमने ९२ इनिंग १.०८ ने टाकल्या आणि मग दुखापतीने मोसम संपला. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट कोणीतरी चालून दाखवली आहे. अडचण उरलेल्या ७० इनिंगची, आणि ती पुन्हा कोपरापाशीच येऊन थांबते. डच लिओनर्डचा १९१४ चा ०.९६ मात्र मी वेगळा धरतो. तो जुन्या मऊ चेंडूच्या काळातला.

सर्वांत रंजक वाटतो तो ऑरेल हर्शायझरचा १९८८ चा सलग ५९ इनिंग एकही धाव न देण्याचा विक्रम. तो कसा घडला ते नीट पाहण्यासारखं आहे. ३० ऑगस्टला शेवटच्या चार इनिंग. मग सप्टेंबरमध्ये ५, १०, १४, १९ आणि २३ तारखेला पाच पूर्ण शटआउट, म्हणजे ४५. बेरीज ४९. मोसमातल्या त्याच्या शेवटच्या सामन्यात, २८ सप्टेंबरला सॅन डिएगोत, नऊ इनिंग झाल्या तेव्हा बेरीज ५८. डॉन ड्रायसडेलचा १९६८ चा विक्रम ५८ इनिंग आणि दोन आउटचा होता. त्याच्या संघाने, डॉजर्सनी, त्या नऊ इनिंगमध्ये एक धाव काढून सामना जिंकला असता तर हर्शायझरला त्या वर्षी पुढची संधीच नव्हती. पण समोरच्या अँडी हॉकिन्सनेही काही दिलं नाही, धावफलक ०-० राहिला, दहावी इनिंग मिळाली आणि एका आउटने तो पुढे गेला. २३ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत एक धाव आलीच होती, पण बेसवर सरकताना धावपटूने अडथळा आणला म्हणून पंचांनी दुसरा आउट दिला आणि धाव रद्द झाली. ड्रायसडेलची मालिकाही अशीच एकदा वाचली होती. बेस भरलेले असताना चेंडू डिक डीट्झला लागला, पण त्याने चुकवायचा प्रयत्न केला नाही म्हणून पंचांनी त्याला बेस नाकारला आणि त्यामुळे आपोआप येणारी धाव टळली.

असा विक्रम मोडायला काय लागतं ते आकड्यांत मांडता येतं. समजा एखाद्या पिचरची धावविरहित इनिंगची शक्यता ८५ टक्के आहे, आणि हे फार चांगलं प्रमाण झालं. सलग ६० इनिंग जाण्याची शक्यता साधारण सतरा हजारांत एक. तीच ९० टक्के धरली तर साडेपाचशेत एक. पाच टक्क्यांच्या फरकाने शक्यता तीसपट वाढते. म्हणून हा विक्रम एखादा थोर पिचर त्याच्या सर्वोत्तम दोन महिन्यांतच मोडू शकतो, सरासरीने नव्हे. आणि इथे सामना पूर्ण करायची अट नाही. सहा-सहा इनिंग टाकून दहा सामन्यांतही ६० होतात, ताज्या हाताने. २०१५ मध्ये झॅक ग्रिंकी ४५ इनिंग आणि दोन आउटपर्यंत गेला होता. पुढे कोणी सलग ३५ इनिंग ओलांडल्या की लक्ष ठेवा, आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या : प्लेऑफमधल्या इनिंग या मालिकेत धरत नाहीत, पण ती पुढच्या मोसमात चालू राहते. हर्शायझरची १९८९ च्या पहिल्याच इनिंगमध्ये तुटली.

जॉनी व्हॅन्डर मीरने १९३८ मध्ये ११ आणि १५ जूनला लागोपाठ दोन नो-हिटर टाकले, म्हणजे दोन्ही पूर्ण सामन्यांत एकाही बॅटरला फटका मारून बेस गाठू दिला नाही (असा फटका म्हणजे हिट). मोडायचा तर तीन हवेत, ते सोडून देऊ. बरोबरी तरी होईल का? २०१५ मध्ये शेर्झर जवळ गेला : १४ जूनला एकच हिट, २० जूनला नो-हिटर. २०२२ मध्ये जपानमध्ये चिबा लोट्टेच्या रोकी सासाकीने १० एप्रिलला परफेक्ट गेम टाकला, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर आउट. त्यात सलग १३ स्ट्राइकआउट होते. तिथला जुना विक्रम ९ चा, १९५० च्या दशकापासूनचा. जुने विक्रम मोडत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा सामना जरूर पाहावा. आठवड्याने, १७ एप्रिलला, तो पुन्हा आठ इनिंग परफेक्ट होता. १०२ चेंडू झाले होते, धावफलक ०-०. त्याला बाहेर काढलं. त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, कर्शॉलाही सात परफेक्ट इनिंगनंतर ८० चेंडूंवर काढलं होतं. मॅनेजरचा निर्णय मला दोन्ही वेळा समजतो, आणि दोन्ही वेळा पटत नाही. आता या विक्रमाच्या आड बॅटरइतकाच डगआउटमधला (संघाच्या बाकावरचा) चेंडूंचा हिशेबही उभा आहे.

क्लोजरचे, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणाऱ्या पिचरचे विक्रम तसे नवे, कारण सेव्ह (निसटती आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद) ही अधिकृत नोंद १९६९ पासूनची. फ्रान्सिस्को रॉड्रिगेझचे २००८ मधले ६२ सेव्ह मोडू शकतात. मारियानो रिव्हेराचे ६५२ फार लांब आहेत.

माझा कौल द्यायचा तर सर्वांत आधी पडेल तो नऊ इनिंगमधला २० स्ट्राइकआउटचा विक्रम. रॉजर क्लेमेन्सने तो १९८६ आणि १९९६ असा दोनदा केला, केरी वुडने १९९८ मध्ये, रँडी जॉन्सनने २००१ मध्ये, शेर्झरने २०१६ मध्ये. पाचही वेळा एकही वॉक नाही, आणि हा योगायोग नव्हे. हिशेब मांडून बघा. एका स्ट्राइकआउटला साधारण पाच चेंडू जातात, म्हणजे वीसला शंभर. उरलेल्या सात आउटना प्रत्येकी तीन धरले तर एकवीस. एकूण १२१. शेर्झरने ११९ टाकले, त्यांतले ९६ स्ट्राइक. वॉक दिला की पाच-सहा चेंडू फुकट जातात आणि नववी इनिंग गाठताच येत नाही. बॅटर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा स्ट्राइकआउट होतात, त्यामुळे बळी मिळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती चेंडू पुरवण्याची. २१ काढायचे तर प्रत्येकी साडेचार चेंडूंत काढावे लागतील : ९५ ते, आणि उरलेल्या सहा आउटचे १८. बेरीज ११३. सातव्या इनिंगअखेर ज्याच्याकडे १६ स्ट्राइकआउट आणि ९० च्या आत चेंडू असतील, त्याच्यासाठी मॅनेजर बुलपेनचा फोन उचलणार नाही, याबद्दल मला खात्री आहे.